वसंतातल्या बर्फाचे वेळापत्रक: दावोसच्या हिमस्खलन बुलेटिनचे परीक्षण

स्वित्झर्लंडमधील दावोस येथे असलेली हिम व हिमस्खलन संशोधन संस्था, जिला इथे सगळे जण एसएलएफ म्हणतात, हिवाळाभर रोज संध्याकाळी पाच वाजता देशाच्या डोंगराळ भागासाठी हिमस्खलनाचे बुलेटिन प्रसिद्ध करते. ते संस्थेच्या संकेतस्थळावर आणि ‘व्हाइट रिस्क’ या ॲपवर विनामूल्य वाचता येते, आणि पुढच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्याची मुदत असते. प्रस्तुत परीक्षण या सेवेच्या वसंतातल्या उपयोगापुरते, म्हणजे साधारण मार्चअखेरपासून मेपर्यंतच्या काळापुरते आहे. जानेवारीतला कोरडा बर्फ आणि एप्रिलमधला ओला बर्फ यांचा स्वभाव इतका वेगळा असतो, की तेच बुलेटिन वाचण्याची रीत बदलावी लागते. ज्यांनी ती बदललेली नाही अशी अनेक मंडळी मला एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता तीव्र उतारांखाली डबे उघडून बसलेली दिसतात. ही सेवा उत्तम आहे आणि डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी, असे माझे मत आहे. मात्र जो फक्त नकाशावरचा रंग आणि आकडा पाहतो त्याच्या पदरात वसंतात तिचा अर्धाच उपयोग पडतो, आणि एका महत्त्वाच्या बाबतीत ही सेवा स्वतःच वसंतात हात आखडता घेते.

या बुलेटिनवर भरवसा का ठेवायचा, हे आधी सांगितले पाहिजे. दावोसच्या वर वाइसफ्लुयोख येथे 1936 साली बर्फाच्या शास्त्रीय अभ्यासाला सुरुवात झाली. तिथल्या 2,536 मीटर उंचीवरील मोजमापाच्या मैदानात तेव्हापासून बर्फाची खोली आणि थरांची रचना नोंदली जाते. संस्था 1942 साली स्थापन झाली आणि युद्धकाळात लष्कर करत असलेले इशाऱ्यांचे काम 1945 पासून तिच्याकडे आले. 1950-51 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी 98 बळी घेतले. त्यानंतर गावांच्या वरच्या उतारांवर बर्फ अडवणाऱ्या पोलादी अडसरांच्या रांगा उभ्या राहिल्या, धोक्याचे नकाशे तयार झाले आणि इशाऱ्याची यंत्रणा भक्कम होत गेली. फेब्रुवारी 1999 मध्ये तशीच प्रचंड हिमवृष्टी झाली तेव्हा देशातील बळींची संख्या 17 होती. तोवर डोंगरातली वस्ती आणि पर्यटन कितीतरी वाढलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या अर्धशतकाच्या कामाचे मोल कळते. आज या बुलेटिनमागे उंचावरची स्वयंचलित केंद्रे, गावोगावचे प्रशिक्षित निरीक्षक, बर्फात खड्डा खणून थर तपासणारी माणसे आणि दावोसमध्ये बसून या सगळ्याचा अर्थ लावणारे अंदाजकर्ते उभे आहेत.

बुलेटिनची मांडणी पाच पातळ्यांच्या युरोपीय प्रमाणावर बेतलेली आहे. पहिली पातळी कमी धोक्याची, दुसरी मध्यम, तिसरी लक्षणीय, चौथी मोठ्या आणि पाचवी अतिशय मोठ्या धोक्याची. हे प्रमाण 1993 पासून युरोपभर एकच आहे. नवख्या माणसाला पाचपैकी तीन म्हणजे ‘मधले’ वाटते आणि तिथेच गफलत होते. संस्थेच्याच आकडेवारीनुसार हिवाळ्याच्या साधारण एक तृतीयांश दिवसांना तिसरी पातळी दिलेली असते आणि एकूण बळींपैकी जवळजवळ निम्मे याच पातळीला जातात. डिसेंबर 2022 पासून दुसऱ्या पातळीपासून पुढे उणे, बरोबर आणि अधिक अशा उपपातळ्याही दिल्या जातात, त्यामुळे ‘तीन उणे’ आणि ‘तीन अधिक’ यांतला फरक आता वाचकाला दिसतो. पण या उपपातळ्या कोरड्या बर्फाच्या स्खलनांसाठी आहेत, ओल्या बर्फाला त्या लागू होत नाहीत. म्हणजे हिवाळ्यात ज्या बारकाव्याची सवय झालेली असते, तो वसंतात आकड्यातून निघून जातो आणि मजकुरात शोधावा लागतो.

वसंतात बर्फाचे नेमके काय होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते समजल्याशिवाय या सेवेची पारख करता येणार नाही. हिवाळ्यात बर्फाचा साठा वरून थंड आणि तळाशी शून्य अंशाच्या आसपास असतो. ऊन चढू लागले आणि हवा तापू लागली की वरून थर भिजतो, पाणी खाली झिरपते आणि हळूहळू सगळा साठा एकाच, म्हणजे शून्य अंश तापमानाला येतो. कणाकणांना जोडणारे बर्फाचे पूल पाण्याने सैल होतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतो आणि हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही कडक गोठतो. ढग असतील तर ती उष्णता ढगांकडून परत येते, पृष्ठभाग नीट गोठत नाही आणि सकाळीच पाय आत जाऊ लागतो. म्हणून वसंतातल्या दिवसाचा धोका आदल्या रात्री ठरतो. निरभ्र रात्रीनंतरच्या सकाळी जो उतार काँक्रीटसारखा घट्ट आणि निर्धोक असतो, तोच दुपारी स्वतःच्या भाराने सुटू शकतो. ढगाळ रात्रीनंतर मात्र त्या उतारावर सकाळी सातलाही पाऊल ठेवू नये.

याला दिशेची जोड द्यावी लागते. पूर्वेकडे तोंड केलेले उतार सूर्योदयाबरोबर तापू लागतात, दक्षिणेकडचे दुपारच्या सुमारास आणि पश्चिमेकडचे त्यानंतर. उत्तरेकडचे उतार कित्येक आठवडे कोरडे राहतात आणि एप्रिलमध्ये एखाद्या उबदार, दमट आठवड्यात पहिल्यांदा भिजतात. हे पहिले भिजणे सर्वांत धोक्याचे. ज्या हिवाळ्यात सुरुवातीला बर्फ कमी पडून बराच काळ कडाक्याची थंडी राहिलेली असते, त्या हिवाळ्यात तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा सुटा, टपोऱ्या कणांचा थर तयार होतो आणि वरच्या बर्फाखाली तो महिनोन्महिने तसाच टिकतो. पाणी या थरापर्यंत पोहोचले की त्याच्यात उरलेसुरले बळही जाते आणि वरची संपूर्ण लादी जमिनीपासून सुटून खाली येते. बारीक कणांच्या थराखाली जाड कणांचा थर असला किंवा मध्ये जुनी कडक पापडी असली, तर पाणी त्या सीमेवर अडून साचते आणि तिथेही हेच घडते. याउलट जो साठा अनेकदा भिजून आणि अनेकदा गोठून एकजिनसी झालेला आहे, तो सकाळच्या वेळी हिवाळ्यातल्या कोणत्याही बर्फापेक्षा अधिक विश्वासाचा असतो. डोंगरातली जाणती माणसे वर्षभर याच बर्फाची वाट पाहतात.

आता बुलेटिन हे सगळे कसे सांगते ते पाहू. वसंतातल्या नमुनेदार दिवशी ते धोक्याचे दोन वेगळे वर्णन देते. एक कोरड्या बर्फाच्या स्खलनांचे, जे बहुधा उंच आणि उत्तरेकडच्या उतारांपुरते असते, आणि दुसरे ओल्या बर्फाचे, ज्यात दिवस चढेल तसा धोका वाढेल असे स्पष्ट लिहिलेले असते. प्रत्येक वर्णनाला स्वतःची पातळी, कोणत्या उंचीच्या वर किंवा खाली ते लागू आहे, कोणत्या दिशेचे उतार हे दाखवणारे दिशाचक्र आणि समस्येचे चिन्ह असते. समस्या पाच प्रकारच्या सांगितल्या जातात: ताजा बर्फ, वाऱ्याने साठवलेला बर्फ, जुन्या साठ्यातले कच्चे थर, ओला बर्फ आणि जमिनीवरून सरकणारा बर्फ. माझ्या मते वसंतात या सेवेचा प्राण याच भागात आहे. एकाच दिवसाचे एकाच जागेसाठी सकाळ आणि दुपार असे दोन निकाल असू शकतात, ही गोष्ट लोकांना पटवून देणे फार कठीण असते. बुलेटिनची ही दुहेरी मांडणी ते काम शांतपणे करते.

त्याहूनही मोलाचा आहे तो खालचा, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा ‘बर्फाचा साठा आणि हवामान’ हा भाग. त्यात सरत्या दिवसाचा आढावा, पुढच्या दिवसाचा अंदाज आणि त्यापुढच्या दोन दिवसांचा कल दिलेला असतो. शून्य अंशाची रेषा किती उंचीवर राहील, रात्र निरभ्र असेल की ढगाळ, वारा कोणत्या दिशेचा, ताजा बर्फ कुठे किती पडेल आणि पृष्ठभाग कितपत गोठेल, हे सगळे तिथे सापडते. मी एप्रिलमध्ये बुलेटिन उघडल्यावर आधी हा भाग वाचतो आणि मग वर जाऊन नकाशा पाहतो. ही उलटी रीत इतरांनीही अंगी बाणवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

एक दिवस जवळून दाखवतो. दावोसहून एंगाडीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची फ्ल्यूएला खिंड 2,383 मीटरवर आहे. तिच्या शेजारचे श्वार्त्सहॉर्न हे 3,146 मीटरचे शिखर वसंतात पायथ्याशी पोहोचता येऊ लागले की स्कीवाल्यांचे आवडते ठिकाण होते. आदल्या संध्याकाळच्या बुलेटिनने त्या भागाला सकाळसाठी कमी धोका आणि दिवसाच्या ओघात ओल्या बर्फाची वाढती शक्यता सांगितली होती, रात्र मोकळी राहील असेही म्हटले होते. पहाटे निघालो तेव्हा पृष्ठभागावर काठीचे टोक टणकन वाजत होते आणि पूर्वेकडच्या उतारावर लोखंडी दात लावल्याशिवाय स्की धरत नव्हती. साडेनऊच्या सुमारास त्याच उतारावरचा वरचा बोटभर थर मऊ झाला, उतरायला याहून सुंदर बर्फ मिळत नाही. अकराच्या आधी खडकांच्या बुडाशी लहान लहान गोळे आपोआप सुटून खाली घरंगळू लागले आणि त्यांच्या मागे बर्फात गोगलगायीच्या कवचासारखी वळणे उमटली. बूट घोट्याच्या वर जाऊ लागला. हे गोळे आणि आत जाणारा पाय, या दोन खुणा दिसल्या की त्या दिशेच्या उतारावरचा दिवस संपला असे समजावे. आम्ही तोवर खाली आलो होतो. बुलेटिनने ‘दिवसाच्या ओघात’ एवढेच म्हटले होते. तो ओघ त्या उतारावर नेमका किती वाजता आला, हे डोळ्यांनी आणि पायांनीच ठरवावे लागले, आणि कोणतीही सेवा हे काम आपल्यासाठी करू शकणार नाही.

इथे माझ्या मुख्य तक्रारीकडे वळतो. ऐन हिवाळ्यात संध्याकाळच्या आवृत्तीबरोबर सकाळी आठ वाजता सुधारित आवृत्तीही निघते. हंगाम सरू लागला की सकाळची आवृत्ती बंद होते आणि फक्त संध्याकाळची उरते. पुढे तीही रोज निघेनाशी होते आणि उन्हाळ्यात केवळ मोठी हिमवृष्टी अपेक्षित असेल तेव्हाच बुलेटिन येते. हंगामाच्या शेवटी डोंगरात जाणारे लोक कमी होतात, निरीक्षकांची संख्याही घटते, हे मला कळते. पण वसंतात दिवसाचा सगळा निकाल रात्री किती गोठले यावर अवलंबून असतो आणि ते सकाळीच कळते. ज्या ऋतूत सकाळच्या चार ओळींची गरज सर्वांत जास्त, त्याच ऋतूत त्या मिळत नाहीत. संपूर्ण बुलेटिन नको, पण एप्रिलअखेरपर्यंत प्रत्येक मोठ्या विभागासाठी ‘रात्री अमुक उंचीच्या वर नीट गोठले, खाली गोठले नाही’ एवढे जरी सकाळी सहाला मिळाले, तरी या सेवेची वसंतातली उपयुक्तता दुपटीने वाढेल असे मला वाटते.

सुदैवाने यावर उपाय याच सेवेत दडलेला आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. स्वयंचलित केंद्रांची मोजमापे ॲपवर आणि संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. त्यांत हवेचे तापमान, वारा, बर्फाची खोली यांच्याबरोबर बर्फाच्या पृष्ठभागाचे तापमानही असते. पहाटे निघण्यापूर्वी आपल्या वाटेजवळचे, साधारण त्याच उंचीवरचे केंद्र निवडून रात्रभराचा पृष्ठभागाच्या तापमानाचा आलेख पाहावा. तो संध्याकाळीच शून्याच्या बराच खाली उतरून पहाटेपर्यंत खालीच राहिला असेल, तर गोठणे खोलवर झाले आहे. मध्यरात्रीनंतर तो पुन्हा शून्याकडे चढलेला दिसला तर ढग आले होते आणि वरची पापडी पातळ आहे असे धरावे. हवेच्या तापमानाचा आलेख एकट्याने ही गोष्ट सांगत नाही, तो कधीकधी चक्क दिशाभूल करतो, म्हणून दोन्ही एकत्र पाहावेत. हा आलेख वाचायला शिकायला एक संध्याकाळ पुरते, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण ॲपमधली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. संस्थेने तो आणखी ठळक जागी, जमल्यास बुलेटिनच्या मजकुराशेजारीच ठेवावा.

जमिनीवरून सरकणाऱ्या बर्फाबद्दल बुलेटिन जे सांगते, त्याबाबत मात्र वाचकांचा हमखास गैरसमज होतो. गुळगुळीत गवताळ उतारावर किंवा घासलेल्या खडकावर साठ्याचा तळ ओला झाला की संपूर्ण थर हळूहळू खाली सरकू लागतो आणि वर आडवी फट पडते, तपकिरी जमीन दिसू लागते. हा थर तासाभरात कोसळेल, आठवड्याने कोसळेल किंवा जागच्या जागी वितळून जाईल. तो माणसाच्या भाराने सुटत नाही आणि घड्याळही पाळत नाही, थंड पहाटेही तो येऊ शकतो. म्हणून ‘लवकर निघा, लवकर परता’ हा वसंतातला एरवीचा नियम इथे कामाचा नाही. फटीखाली थांबू नये, वाट वळवावी, आणि वळवता येत नसेल तर एकेकट्याने, न रेंगाळता पार व्हावे. बुलेटिनमध्ये ही समस्या वेगळ्या चिन्हाने दाखवलेली असते, पण ओल्या बर्फाच्या वर्णनाला चिकटून आल्यामुळे अनेक जण दोन्ही एकच समजतात. दोहोंतला हा वेळेचा फरक मजकुरात अधिक ठसठशीतपणे यायला हवा.

एप्रिलमधल्या ताज्या बर्फाबद्दल मात्र बुलेटिन फार चोख असते. वसंतात पडलेला बर्फ एरवीपेक्षा वेगाने बसतो आणि स्थिर होतो, पण पहिल्या उन्हाला तीव्र, खडकाळ उतारांवरून तो सुटा वाहू लागतो. मोठी हिमवृष्टी होऊन आकाश उघडले की दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात हा इशारा असतोच. धारेवरच्या पुढे आलेल्या बर्फाच्या छज्जांबद्दलही उबदार दिवसांत सूचना येते.

भाषेविषयी दोन शब्द. बुलेटिन जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी या चार भाषांत एकाच वेळी निघते, कारण त्याची वाक्ये आधीच भाषांतरित केलेल्या वाक्यांशांच्या कोशातून जुळवली जातात. परिणामी गद्य रुक्ष आणि पुनरुक्तीचे असते. सुरुवातीला ते कंटाळवाणे वाटते, पण थोड्या सरावाने त्याचा फायदा उमगतो. एका विशिष्ट शब्दप्रयोगाचा अर्थ नेहमी एकच असतो, आणि ज्याची मातृभाषा या चारांपैकी एकही नाही अशा आपल्यासारख्या वाचकाला त्यातून संदिग्धता उरत नाही. ‘शक्य आहे’ आणि ‘अपेक्षित आहे’ यांत अंदाजकर्त्याने जाणूनबुजून फरक केलेला असतो, तो वाचताना पुसून टाकू नये.

‘व्हाइट रिस्क’ ॲपमध्ये बुलेटिनखेरीज उतारांची तीव्रता दाखवणारा नकाशा आहे. तीस अंशांपासून पुढचे उतार त्यावर रंगांनी दाखवलेले असतात. लादीच्या स्वरूपातले स्खलन सुटायला साधारण तीस अंशांचा उतार लागतो, त्यामुळे हिवाळ्यात या रंगांपासून दूर राहिले की बराचसा प्रश्न सुटतो. वसंतात फक्त आपण ज्यावर चालतो तो उतार पाहणे पुरत नाही. हिवाळ्यातल्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के लोक त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सोडवलेल्या स्खलनात सापडतात, पण ओला बर्फ कोणीही पाय न ठेवता सुटतो आणि दरीच्या तळापर्यंत, कधीकधी हिरव्या कुरणापर्यंत येतो. सपाट वाटेवर चालणाऱ्या माणसानेही आपल्या डोक्यावर, पाचशे-सातशे मीटर वर, कोणत्या रंगाचा उतार आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहिले पाहिजे. झुरिक किंवा बाझेलमध्ये कामानिमित्त राहणारी आपली मराठी मंडळी इस्टरच्या सुट्टीत मुलाबाळांसह अशा दऱ्यांमध्ये फिरायला जातात, त्यांना मी हेच आवर्जून सांगतो. खुल्या ठेवलेल्या स्कीच्या वाटा आणि खुणा केलेले हिवाळी पायरस्ते यांची काळजी तिथली व्यवस्था घेते आणि धोका वाटला की ते बंद करते. त्या वाटा सोडून बाहेर पाऊल टाकले, किंवा ‘बंद’ अशी पाटी ओलांडली, की बुलेटिन आपल्याला लागू होते.

हे बुलेटिन सुरक्षेच्या साहित्याची जागा घेत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारे संदेश-यंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी आणि धातूचे फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ असणे आणि ती वापरण्याचा सराव असणे आवश्यकच आहे. बर्फाखाली गाडले गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेली बहुसंख्य माणसे वाचतात आणि त्यानंतर ही शक्यता वेगाने कोसळते, म्हणजे सोबत्यांनाच काय ते करायचे असते. वसंतात तर वाहून आलेला ओला बर्फ थांबताच आवळून घट्ट होतो आणि खणणे फार जड जाते. त्याचे वजन इतके असते, की गाडले न जाताही माणूस खडकांवर आपटून जखमी होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सगळे दूरचे वाटू नये, म्हणून हिमालयाविषयीही लिहितो. आपल्याकडे हिमस्खलनाच्या अंदाजाचे काम संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगडस्थित संस्था, डीजीआरई, करते. 1969 साली मनालीत स्थापन झालेली ‘सासे’ ही संस्था 2020 मध्ये तिच्यात विलीन झाली. तिची बुलेटिनेही पाच पातळ्यांचीच असतात आणि जिल्हा किंवा मार्ग, तसेच अमुक मीटर उंचीच्या वर, अशा स्वरूपात येतात. त्यांचा मूळ रोख लष्कराच्या हालचाली, सीमावर्ती रस्ते आणि स्थानिक प्रशासन यांच्याकडे आहे. दिशाचक्र, थरांचे वर्णन, सकाळ-दुपारचा भेद आणि केंद्रांचे खुले आलेख अशी जी सामग्री दावोसचे बुलेटिन पदयात्रिकाच्या हाती देते, तिची अपेक्षा तिथे ठेवून चालणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये हिमाचल, उत्तराखंड किंवा सिक्कीमला जाणाऱ्या गटांनी निघण्यापूर्वी डीजीआरईचे बुलेटिन पाहण्याची सवय लावावी आणि आपल्या आयोजकाला त्याविषयी विचारावे. 4 एप्रिल 2023 रोजी गंगटोक ते नथु ला रस्त्यावर हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला. ते गिर्यारोहक नव्हते, मोटाररस्त्याने बर्फ पाहायला आलेले लोक होते. वरच्या उताराचा, दिशेचा आणि दिवसाच्या वेळेचा विचार रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसानेही करायचा असतो, हे दावोसच्या बुलेटिनमधून शिकलेले तंत्र तिथे जसेच्या तसे कामी येते. एक फरक ध्यानात ठेवावा. हिमालयाचे अक्षांश आल्प्सपेक्षा बरेच दक्षिणेकडचे आहेत, सूर्य अधिक माथ्यावर येतो आणि उतार अधिक लवकर व अधिक जोराने तापतात, त्यामुळे युरोपात अकराला परतायचे ते तिथे त्याहून आधी परतायला हवे.

ज्यांना फक्त ‘जावे की न जावे’ एवढे एका शब्दात हवे आहे, त्यांना ही सेवा वसंतात निराश करील, कारण तिचे उत्तर बहुधा ‘सकाळी जा, या दिशेला जाऊ नका, अमुक उंचीखाली दुपारी थांबू नका’ असे असते. ज्यांची दोन परिच्छेद वाचण्याची आणि पहाटे एक आलेख पाहण्याची तयारी आहे, त्यांना विनामूल्य मिळणारी याहून चांगली सेवा माझ्या पाहण्यात नाही. पाचपैकी चार गुण देतो. उरलेला गुण सकाळच्या आवृत्तीचा. रोजचे बुलेटिन थांबल्यावरही मे महिन्यात उंचावर जायचे असेल, तर ॲपवरचे शेवटचे बुलेटिन किती तारखेचे आहे हे आधी पाहावे. जुन्या तारखेचा हिरवा, म्हणजे कमी धोक्याचा, नकाशा आजच्या बर्फाबद्दल काहीही सांगत नाही. त्या काळात केंद्रांचे आलेख, हवामान खात्याने दिलेली शून्य अंशाची उंची आणि वाटेवरच्या डोंगरी निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला आदल्या संध्याकाळी केलेला फोन, या तिन्हींवर मिळून निर्णय घ्यावा.